मधला गडी टोकास जातो

अमेरिकन लोक ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत चेंडूस पाय क्वचितच लागतो. चेंडू लांबट असतो. तो हातानें फेकतात, छातीशीं धरून पळतात, आणि पळणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी अंगावर धांवून जाऊन जमिनीवर लोळवितात. परक्या माणसास हा सारा धांगडधिंगा वाटतो. परंतु थोडें लक्ष देऊन पाहणारास असें आढळून येतें कीं, त्यांतील प्रत्येक गड्याची जागा बुद्धिबळाच्या मोहऱ्याप्रमाणें ठरलेली असते, आणि एक मोहरा दोन हात बाजूस सरकविला तरी साऱ्या डावाचा रंग पालटतो. शिकागो शहराच्या 'बेअर्स' नांवाच्या संघानें १९८५ सालीं असाच एक मोहरा सरकविला. त्या वर्षीं संघाचें जें कौतुक झालें त्यांत या फेरबदलाचा उल्लेख फारसा झाला नाहीं, आणि ज्याला सरकविलें त्याच्या नांवावरचे आंकडे तर त्या वर्षीं खालीं आले.

बचाव करणाऱ्या अकरा गड्यांपैकीं चौघे प्रतिपक्षाच्या अगदीं समोर वांकून उभे राहतात. त्यांतील मधल्या दोघांस 'टॅकल' म्हणतात आणि कडेच्या दोघांस 'एंड'. हुतूतूच्या डावांत कोपऱ्यावरचा गडी आणि मधला गडी यांचीं कामें जशीं निराळीं, तशींच येथेंही आहेत. टॅकल हा गर्दींतला माणूस. त्याच्या आजूबाजूस हातभर जागा मोकळी नसते, आणि समोरचे दोन दोन धिप्पाड गडी एकाच वेळीं त्याच्यावर लोटतात. तेथें पाय रोवून खालीं वांकणें, पहिला धक्का आपण देणें आणि जागा न सोडणें हीच मर्दुमकी. एंडच्या एका अंगास मात्र मोकळें मैदान असतें. त्याला समोरच्या गड्यास वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधारापर्यंत, पोहोंचावयाचें असतें, आणि तेंही त्यानें चेंडू फेकण्यापूर्वीं. क्वार्टरबॅकला अशा रीतीनें चेंडूसकट मागच्या मागें लोळविणें यास 'सॅक' म्हणतात. अमेरिकेंतील मुख्य व्यावसायिक संघटनेनें १९८२ पासून प्रत्येक गड्याच्या नांवावर सॅकची अधिकृत नोंद ठेवण्यास आरंभ केला. दोघांनीं मिळून लोळविलें तर प्रत्येकास अर्धी सॅक मिळते. तेव्हांपासून एंडचा भाव वाढला, हें ओघानेंच आलें.

पण मोकळें मैदान हें दुधारी शस्त्र आहे. एंड बाहेरून फार मोठा वळसा घेऊं लागला तर चेंडू घेऊन पळणारा आंतून निसटतो, आणि आंत फार घुसला तर बाहेरून. गर्दींत वाढलेल्या गड्यास टोकावर नेलें म्हणजे त्याचें बळ कुठें जात नाहीं. मात्र जें अंतर त्यास पूर्वीं एका पावलांत काटतां येत होतें तें आतां चारपांच पावलांचें होतें, आणि पायांची चपळाई नसेल तर तें बळ वाटेंतच खर्ची पडतें.

शिवाय दोन्ही टोकें सारखीं नाहींत. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हातानें फेकणारे असल्यामुळें फेकतेवेळीं त्यांची पाठ त्यांच्या डाव्या अंगास वळलेली असते. त्या अंगानें येणारा बचावाचा उजवा एंड त्यांस दिसत नाहीं, म्हणून सॅकचें श्रेय बहुधा त्यालाच लाभतें. डावा एंड डोळ्यांपुढून येतो. त्यांतून त्याच्या समोर प्रतिपक्ष पुष्कळदां एक जादा गडी उभा करतो आणि त्याच बाजूनें चेंडू घेऊन पळण्याचा यत्न करतो. म्हणजे डावें टोक हें कष्टाचें ठाणें, आणि मधल्या माणसाचें बळ तेथें कामास येतें.

डॅन हॅम्पटन हा असा माणूस होता. तो आर्कान्सा राज्यांतला. लहानपणीं झाडावरून पडून त्याचे पाय मोडले आणि कित्येक महिने त्याला चाकांच्या खुर्चींत काढावे लागले. शाळेंत तो वाद्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवीत असे; फुटबॉलकडे वळला तो शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत. पण आर्कान्सा विद्यापीठांत त्यानें टॅकल म्हणून असें नांव काढलें कीं, १९७९ च्या निवडींत बेअर्सनीं त्यास चवथ्या क्रमांकानें उचललें. शिकागोस आल्यावर तो आधीं टोकावर खेळला, पुढें मध्यभागीं आला, आणि दोन्ही जागीं देशांतील उत्तम गड्यांत गणला गेला. अशीं उदाहरणें थोडीं. उंची साडेसहा फुटांच्या जवळ, वजन सुमारें २६५ पौंड. गुडघे मात्र त्यास सतत दगा देत. बारा मोसमांच्या कारकीर्दींत त्यांवर निदान दहा शस्त्रक्रिया झाल्या.

१९८४ सालीं बेअर्सची रांग अशी होती: डाव्या टोकास माइक हार्टेन्स्टाईन, मध्यें स्टीव्ह मॅकमायकल आणि हॅम्पटन, उजव्या टोकास रिचर्ड डेंट. त्या मोसमांत संघानें ७२ सॅक केल्या, हा त्या काळचा विक्रम. त्यांत डेंटच्या साडेसतरा आणि हॅम्पटनच्या, मध्यभागीं खेळून, साडेअकरा होत्या. असें यश मिळालेल्या रांगेस हात लावावा असें कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें.

तें कारण १९८५ च्या निवडींत विल्यम पेरी या नांवानें आलें. वजन तीनशें पौंडांवर. लोक त्याला 'रेफ्रिजरेटर' म्हणत. तो मुख्य प्रशिक्षक माइक डिट्का यांस हवा होता. बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांस तो नको होता, आणि ही निवड वायां गेली असें त्यांनीं उघड बोलून दाखविलें. रायन यांचें स्थान निराळें होतें. १९८१ च्या अखेरीस बचावाच्या गड्यांनीं संघाचे वृद्ध संस्थापक व मालक जॉर्ज हॅलस यांस पत्र लिहून रायन यांस ठेवून घेण्याची विनंती केली होती. हॅलस यांनीं ती मान्य केली आणि नंतरच १९८२ सालीं डिट्का यांस नेमिलें. एका संघांत दोन सेनापति असल्यावर जें होतें तेंच येथें झालें. रायन पेरीस बसवून ठेवीत. तेव्हां डिट्का यांनीं त्यास चक्क आक्रमणांत घातलें, आणि २१ ऑक्टोबर १९८५ रोजीं त्या अजस्र गड्यानें चेंडू घेऊन गोल-रेषा ओलांडली तेव्हां साऱ्या देशास तो एका रात्रींत माहीत झाला.

मोसमाच्या मध्यावर रायन यांनींही पेरीस रांगेंत घेतलें. एवढा देह मध्यभागींच शोभणार. परंतु मध्यभागीं मॅकमायकल आणि हॅम्पटन होते, आणि मॅकमायकल हा अस्सल गर्दींतला मल्ल. तेव्हां टोकाचा अनुभव असलेला हॅम्पटनच डावीकडे सरकला आणि हार्टेन्स्टाईनची जागा गेली. हा हार्टेन्स्टाईन १९७५ पासून त्या संघांत होता, आणि त्याच्या हातून कांहीं चूक घडल्याचें दिसत नाहीं. पेरीसाठीं जी जागा झाली तिचा भार सरतेशेवटीं त्याच्यावर पडला. वर्तमानपत्रें रेफ्रिजरेटरच्या गमती छापण्यांत दंग होतीं.

हॅम्पटनच्या सॅक त्या वर्षीं साडेअकरांवरून साडेसहांवर आल्या. केवळ यादी पाहणारा म्हणेल कीं, प्रयोग फसला. पण यादी त्याच्या कामाचा फार थोडा भाग सांगते. डाव्या टोकाकडून पळण्याची वाट त्यानें बंद केली. मध्यभागीं पेरीचा देह आडवा पडला. क्वार्टरबॅक डावीउजवीकडे सरकूं लागला कीं तो डेंटच्या हातीं सांपडे. डेंटच्या सॅक सतराच राहिल्या. सोळा सामन्यांत प्रतिपक्षांस मिळून १९८ गुण मिळाले, साऱ्या संघटनेंत सर्वांत कमी. संघानें पंधरा सामने जिंकले आणि एक गमावला.

आणखी एक गोष्ट. रायन यांची '४६' नांवाची एक व्यूहरचना होती. नांव डग प्लँक या गड्याच्या अंगरख्यावरील आंकड्यावरून पडलेलें. तींत समोरच्या मधल्या तिघांपुढें बचावाचे तिघे ठाकत, आणि बरोबर मधोमध, चेंडू सुरू करणाऱ्याच्या नाकासमोर, हॅम्पटन येई. म्हणजे त्याला एका डावास टोकाचा संयम ठेवावा लागे आणि दुसऱ्या डावास गर्दींतला घाव झेलावा लागे. ज्याला एकच विद्या येते त्याच्याकडून हें होणें नाहीं. रायन यांच्या कल्पकतेची जी वाहवा झाली तींत या एका गड्याच्या दुहेरी शिक्षणाचा वांटा मोठा धरला पाहिजे.

उपांत्य फेऱ्यांत न्यूयॉर्क जायंट्सवर २१-० आणि लॉस एंजलिस रॅम्सवर २४-० असे विजय मिळाले. दोन्ही सामन्यांत प्रतिपक्षास एक गुणही मिळाला नाहीं. २६ जानेवारी १९८६ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें अंतिम सामना न्यू इंग्लंड पेट्रियट्सशीं झाला. आरंभींच डेंट आणि विल्बर मार्शल यांनीं क्वार्टरबॅक टोनी ईसन यास लोळविलें. चेंडू सुटला, आणि त्यावर झेप घालणारा गडी हॅम्पटन होता. ईसननें सहा वेळां चेंडू फेकला, एकही फेक साधली नाहीं, आणि त्यास बाहेर काढावें लागलें. साऱ्या सामन्यांत पेट्रियट्सना चेंडू घेऊन पळून अवघें सात यार्ड मिळविता आले. शिकागोनें ४६-१० असा जय मिळविला. सर्वोत्तम गड्याचा मान डेंटला मिळाला. पेरीनें एकदां चेंडू घेऊन गुण केले आणि दुसऱ्या दिवशीं चित्रें त्याचींच छापलीं गेलीं.

रायन लगेच फिलाडेल्फियाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. ओहायो राज्यांतील कँटन येथें या खेळाच्या मानकऱ्यांचें स्मृतिमंदिर आहे. तेथें हॅम्पटन २००२ सालीं, डेंट २०११ सालीं आणि मॅकमायकल २०२४ सालीं दाखल झाले. १९८४ च्या बहात्तर सॅकच्या विक्रमी रांगेंत डाव्या टोकास जें नांव लिहिलेलें आहे तें मात्र माइक हार्टेन्स्टाईन याचें आहे.