नैराश्य (बीड जिल्हा)

नैराश्य : मनःस्थिती, झोप, भूक, विचार आणि कामाची उमेद यांवर परिणाम करणारा आजार. लक्षणे किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकली तर हे निदान केले जाते. पीक गेल्याचे किंवा जवळचे माणूस गेल्याचे दुःख म्हणजे नैराश्य नव्हे; मात्र अशा आघातातून ते सुरू होऊ शकते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात दर २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले असते. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

स्थानिक परिस्थिती : बीड हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा. कोरडवाहू कापूस-सोयाबीन, बेभरवशाचा पाऊस आणि सावकारी कर्ज यांचा ताण येथे पिढ्यान्‌पिढ्या साचत आला आहे. दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे एकजण आजारी पडला की दोघांची मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. तरुण वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली, तर संप्रेरके एकाएकी घटतात आणि नैराश्याचा धोका वाढतो.

लक्षणे : रुग्ण क्वचितच ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणतो. ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड पडलंय’, ‘जीव घाबरा होतो’ अशी तक्रार घेऊन तो दवाखान्यात येतो आणि बरेचदा सलाईन किंवा ताकदीचे इंजेक्शन घेऊन परततो. काही घरांत ‘बाहेरचं’ समजून अंगारे-धुपारे होतात. तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी एक सोपी प्रश्नावली आहे. झोप, भूक, थकवा, रस, एकाग्रता, अपराधीपणा अशा नऊ गोष्टी गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस जाणवल्या, हे तिच्यात विचारतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. तो विचारल्याने असे विचार मनात शिरतात ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते.

मेंदू : १९५० च्या दशकात क्षयरोगावरील इप्रोनायाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते असे दिसले. १९५७ मध्ये स्विस डॉक्टर रोलँड कून यांनी इमिप्रामाइन या औषधाचा नैराश्यावरील गुण नोंदवला. त्यातून मेंदूतील रसायने कमी पडल्याने नैराश्य येते, असा सिद्धान्त पुढे आला. आज तो अपुरा मानला जातो. दीर्घ ताणामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते. भीती व धोका टिपणारे अमिग्डाला जास्त सक्रिय होते आणि त्याला आवर घालणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाची पकड सैल पडते. वारंवार नैराश्य आलेल्यांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आढळतो. अनुवंशाचा वाटा साधारण एक-तृतीयांश आहे. मेंदूतील जोडण्या बदलू शकतात, म्हणून औषध आणि समुपदेशन या दोहोंचा उपयोग होतो. ‘मनाने कमकुवत’ या शेऱ्याला विज्ञानात आधार नाही.

उपचार : सौम्य आजारात समुपदेशन पुरते, मध्यम व तीव्र आजारात औषधेही लागतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात आणि बरे वाटल्यावरही ती किमान सहा महिने घ्यावी लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण ती एकदम तोडू नयेत. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाचे उपचार नेमके इथेच तुटतात. म्हणून निघण्यापूर्वी पुरेशी औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेणे अत्यावश्यक ठरते. जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी सरकारी केंद्रे आहेत. २०१५ मध्ये राज्य शासनाने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ताणाखालील शेतकरी शोधतात. गावपातळीवरच्या अशा कामाला आधार आहे : अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

कलंक व कायदा : ‘वेडा’ हा शिक्का, मुलीचे लग्न मोडण्याची भीती आणि ‘काम केलं की जाईल’ हा सल्ला यांमुळे आजार लपवला जातो आणि बळावतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) याने उपचार हा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या देखभालीची जबाबदारी शासनावर टाकतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा चोवीस तास चालू आहे. घरात कोणी अबोल झाले, जेवण-झोप तुटली किंवा ‘आता जगून काय करायचं’ असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसून १४४१६ हा क्रमांक लावावा आणि त्याला दवाखान्यात न्यावे.