जॅक खचण्याआधीचे सात तास

परतीचा पाऊस ओसरला की जालना जिल्ह्यात ऊसवाहतुकीच्या ट्रकांची डागडुजी निघते. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो, गॅरेजमध्ये लवकर नंबर लागत नाही. मग ट्रक घरापुढे उभा करून काका-पुतणे पाने घेऊन बसतात. पुढचा घटनाक्रम कुणा एका घराचा नाही. अशा कामात नेहमी होणाऱ्या चुका एका दिवसात ओळीने मांडल्या आहेत.

सकाळी ८.००
अंबड तालुक्यातलं एक गाव. सहा चाकी ट्रकच्या मागच्या डाव्या कमानीचा मुख्य पाटा तुटलाय. ओट्यासमोर सिमेंटचा कोबा आहे, पण तिथं ऊन. म्हणून ट्रक लिंबाखाली घेतात. तिथं काळी माती. वरची पापडी वाळलेली दिसते, टाच दाबली की खाली ओल लागते. ही माती पाणी धरून ठेवते आणि ओली असताना भाराखाली दबते. सावलीसाठी पक्की जमीन सोडली.

सकाळी ९.३०
हँडब्रेक ढिला आहे, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतात. पुढच्या चाकांना दगड लावायचे राहून जातात. गिअर मागच्या चाकांनाच धरतो, आणि त्यातलं एक अधांतरी झालं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं. मग जमिनीवरचं दुसरं चाकही अडून राहत नाही. गिअरमधली गाडी सरकते ती अशी.

सकाळी ११.००
बॉटल जॅक थेट मातीवर ठेवतात. त्याचा पाया १२ सेंटिमीटर लांब-रुंद धरला, तर सगळा भार १४४ चौरस सेंटिमीटरवर येतो. खाली ६० सेंटिमीटर लांब-रुंद, न वाकणारी जाड फळी असती, तर तोच भार २५ पट जागेवर पसरला असता.

दुपारी १२.३०
जॅकची उंची पुरत नाही. बांधकामातून उरलेल्या चार विटा त्याखाली जातात. भिंतीत सगळीकडून सारखा भार पेलणारी वीट एका कडेवर दाब आला की तडकते. चाकांची जोडी काढून भिंतीला टेकवतात. ती दोन चाकं एकावर एक आडवी करून चॅसीखाली सरकवली असती, तर गाडी पडली तरी माणसापुरती पोकळी उरली असती.

दुपारी १.३०
जेवून उठल्यावर पुतण्याच्या लक्षात येतं. जॅकच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे, विटांभोवती लाल भुकटी पडलीय.
"काका, जॅक जरा बसल्यावानी वाटतो."
"दोन हात मार, वर येतंय. पाचच मिन्टाचं काम राहिलंय."
हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर तोललेला असतो. सील झिजलं की तेल झिरपतं आणि गाडी हळूहळू खाली येते. थांबायची वेळ हीच होती.

दुपारी २.४५
कमानीची पिन गंजून बसलीय. डिझेल सोडूनही हलत नाही. पुतण्या खाली सरकून पिनेवर सुंबा धरतो, काका बाहेरून घण घालतात. जॅक सरळ भार पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. इथं प्रत्येक घाव आडवा आहे.

दुपारी २.५८
पुढचं चाक दोन बोटं सरकतं. जॅक कलतो. खालच्या माणसाला ते दिसत नाही.

दुपारी ३.००
वीट फुटते. चॅसी खाली येते.

दुपारी ३.०१
छाती दाबली गेली की श्वास आत जात नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. गल्ली धावून येते, पण हातांनी ट्रक उचलत नाही. दुसरा जॅक घरात नाही. १०८ ला फोन लागतो. रुग्णवाहिका गावात पोचेपर्यंत ती मिनिटं उलटलेली असतात.

आठ वाजल्यापासून हा ट्रक पडायच्या मार्गावर होता आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला अडवता आलं असतं. जालना हे सळयांचं शहर आहे. इथलं लोखंड गावोगावच्या घरांचा भार पेलतं. आपल्या माणसावरचा भार पेलायला दोन घोड्या (जॅक स्टँड) मात्र आपण आणत नाही. त्या वजनक्षमता लिहिलेल्याच घ्या, भंगारातल्या पाइपला वेल्डिंग मारून केलेल्या नकोत. गाडी पक्क्या, सपाट जागेवर लावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. जॅकने उचलून भार घोड्यांवर उतरवा. खाली जाण्याआधी बाहेरूनच गाडीला जोराने ढकलून बघा. जराही डुलली तर पुन्हा लावा. दुसरा जॅक हाताशी ठेवा, आणि खाली माणूस असताना घण चालवू नका.

या हंगामात घरी ट्रक उचलणार असाल, तर एवढं कराच: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली स्वतः जाऊ नका आणि घरातल्या पोराला तर मुळीच पाठवू नका.