नरखेडहून नाट्यशाळेत जायचंय? कोर्स कसा निवडायचा आणि ऑडिशनची तयारी कशी करायची?

गॅदरिंगमध्ये नाटक गाजलं, टाळ्या पडल्या आणि नाटकच शिकायचं ठरलं. पण नरखेडसारख्या तालुक्यातल्या मुलांना पुढची माहिती मिळते उशिरा. अनेकांना राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, म्हणजे एनएसडीची मुख्य अट पदवीनंतरच कळते.

ही अट काय आहे?

१९५९ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या एनएसडीचा डिप्लोमा तीन वर्षांचा आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते. पण त्यासोबत किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावाही मागतात. हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान हवं. निवड झालेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते.

म्हणजे खरी तयारी एफवायपासूनच सुरू होते. युवक महोत्सव, एकांकिका स्पर्धा, नागपूर केंद्रावरची राज्य नाट्य स्पर्धा, जिथे संधी मिळेल तिथे काम करायचं. प्रमाणपत्रं, फोटो, छापील पत्रिका जपून ठेवायच्या. बॅकस्टेजचं कामही शिकून घ्यायचं.

इतर पर्याय कोणते?

- बारावीनंतर: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात नाटकाचं पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळतं.
- पदवीनंतर, मुंबईत: मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स. इथला पदव्युत्तर कोर्स दोन वर्षांचा आहे.
- पदवीनंतर, विदर्भातच: वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात नाटक आणि चित्रपटाचं शिक्षण मिळतं. माध्यम हिंदी.

निवडताना नाव नंतर बघा. आधी शिकवण्याची भाषा, वसतिगृह, एकूण खर्च आणि वर्षभरात किती नाटकं प्रत्यक्ष उभी राहतात, हे विचारा. शक्य असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग पाहून या.

ऑडिशनमध्ये काय बघतात?

एनएसडीत आधी प्राथमिक ऑडिशन होते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात. तिथे अभिनयासोबत आवाज, हालचाल, कल्पकता आणि इतरांसोबत काम करण्याची तयारी तपासली जाते.

स्वगत आपल्या वयाला शोभेल असं घ्या. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला पराग किंवा रंजू विशीतल्या मुलामुलींना जवळचे वाटतील. भास्करच्या वयाचं ओझं मात्र उसनं आणावं लागेल. सिनेमाचे डायलॉग आणि एखाद्या नटाची नक्कल टाळा. उतारा कोणताही असो, पूर्ण नाटक वाचा. ‘याच्या आधी काय घडलं?’ असं विचारलं की न वाचलेला लगेच सापडतो.

आपली बोली आड येते का?

नाही. ‘वाडा चिरेबंदी’तलं कुटुंब वऱ्हाडीच बोलतं. बोली लपवायची गरज नाही, पण हवी तेव्हा प्रमाण मराठी आणि स्वच्छ हिंदी बोलता आली पाहिजे. नरखेड मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असल्यानं हिंदी इथे कानावर असतेच. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

निवड नाही झाली तर?

जागा मोजक्या असतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी नकार येऊ शकतो. वयाची अट बघून पुन्हा बसता येतं. तोवर पदवी पूर्ण करा आणि नाटक सोडू नका. अटी आणि तारखा बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षाचं माहितीपत्रक नीट वाचा.