चाळीस रुपयांचे पाणी

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, हे चित्र शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्या चित्रामागे दोन दिवसांची एक परिषद होती, आणि परिषदेमागे काही माणसांची कित्येक महिन्यांची खटपट होती. तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

ज्यांनी आयुष्यात एखादे लहानमोठे संमेलन भरविले असेल त्यांना कार्यवाहाचे हाल सांगावे लागत नाहीत. मांडवाला जागा हवी, भांडी हवीत, पाहुण्यांची उतरण्याची सोय हवी, पाण्याचे पिंप भरलेले हवे. व्यासपीठावरची भाषणे छापून येतात. पिंप कोणी भरले याची नोंद कोणी ठेवीत नाही. महाडच्या परिषदेची मात्र अशी एक नोंद राहिली आहे. परिषदेला लागणारे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले आणि त्याला चाळीस रुपये पडले. त्या काळी एवढ्या पैशांत जवळजवळ दोन तोळे सोने येई.

परिषदेचे नाव होते 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती आणि तिचे काम आता जिल्ह्याजिल्ह्यांत पसरू लागले होते. कुलाब्यासाठी महाड निवडले गेले ते उगीच नव्हे. सावित्री नदीच्या काठचे हे बाजाराचे गाव. जवळच दासगावचे बंदर. या मुलखातले कितीतरी महार पूर्वी लष्करात होते. पेन्शनीत निघालेले सुभेदार-हवालदार गावोगाव होते, चार अक्षरे वाचणारे होते. गोपाळबाबा वलंगकर हेही इथलेच आणि लष्करातलेच. शिवाय महाडला एक सोय होती. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता, आणि त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव दप्तरात नीट होता. तळ्यावर मात्र कोणी गेले नव्हते.

ही परिषद व्हावी म्हणून सर्वांत आधी ज्याने ध्यास घेतला तो रामचंद्र बाबाजी मोरे हा ऐन विशीतला तरुण. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून तो मिळविला होता. पुढे महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले, त्यातही त्याचा पुढाकार होता. बाजाराला दहा-दहा मैलांवरून आलेल्या माणसाला तेथे निदान घोटभर पाणी मिळे. परिषदेचा खरा विषय काय होता हे समजण्यासाठी भाषणांपेक्षा हे दुकान अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते.

मोरे यांच्या जोडीला संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव ही मंडळी होती. सवर्णांपैकी अनंत विनायक चित्रे आणि नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते. दोन महिने कार्यकर्ते डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालीत होते. १९ मार्चला माणसे लोटली. पंधरा वर्षांची पोरे आणि सत्तरीचे म्हातारे खांद्यावर भाकरीचे गाठोडे टाकून पायी आले. संख्येविषयी एकमत नाही. चरित्रकार धनंजय कीर दहा हजार म्हणतात, इतर कोणी अडीच-तीन हजार. मांडव वीरेश्वर थिएटरात होता. हिशेब साधा होता: भाकरी प्रत्येकजण घरून आणील, पण कोकणातल्या मार्चच्या उन्हात पाणी गाठोड्यात बांधून आणता येत नाही. गावात सरकारी ठरावाने खुले असलेले तळे होते आणि स्वागत मंडळ पाण्याचे पैसे मोजीत होते!

दुसऱ्या दिवशी कामकाज संपत आले तेव्हा चित्रे उठले आणि आता तळ्यावर जाऊन ठराव अमलात आणू या, असे म्हणाले. आदल्या रात्री पुढाऱ्यांत याचा विचार झालेला होता. मिरवणूक गेली, पाणी प्याली, शांतपणे परतली. पुढचे सर्वश्रुत आहे. हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मांडवात परतीच्या तयारीत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. हल्लेखोरांनी अन्नही मातीत तुडविले. डोकी फोडल्यावर अन्नाशी कसले वैर, असे कोणी विचारील. पण ज्यांनी ते वाढण्याची व्यवस्था केली होती त्यांना ते वैर बरोबर कळले असणार.

तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, एकशे आठ घागरी पंचगव्य घालून. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग सत्याग्रहासाठी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली आणि स्वागत मंडळाची खरी कसोटी लागली. मांडवाला गावात कोणी जागा देईना. चित्रे यांनी पुष्कळ धडपड केल्यावर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. वाण्यांनी माल नाकारला, तेव्हा धान्य आणि भाजीपाला बाहेरगावाहून आणावा लागला. शिस्तीचे काम एका माजी सुभेदाराकडे सोपविले होते. २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने बाबासाहेब आणि दोनएकशे प्रतिनिधी निघाले, दासगावला उतरले, आणि तेथून मंडळी पाच मैल चालत महाडला आली. मांडवात गांधीजींची तसबीर होती. मांडवासमोर खणलेल्या खड्ड्यात त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. त्या प्रसंगाचे तेज एवढे की फत्तेखानाची जमीन आणि बाहेरगावचे धान्य साहजिकच विस्मरणात गेले.

सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदविली. पण तळे खासगी आहे असा दावा काही महाडकरांनी दाखल केला होता आणि दिवाणी न्यायालयाने १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. दहा-दहा मैल चालून आलेल्या, नाव नोंदवून बसलेल्या माणसांना 'थांबा' म्हणणे हे माझ्या मते त्या परिषदेतले सर्वांत अवघड काम होते. बाबासाहेबांनी ते केले. २७ तारखेला मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली. त्या वेळी पाण्याला कोणी हात लावला नाही.

दावा चालला तो वर्षानुवर्षे. तळे खासगी नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या परिषदेच्या सकाळी कुलाब्याच्या वाटांवरून लोक गाठोडी घेऊन आले, त्याला दहा वर्षे पुरी व्हावयास दोन दिवस कमी होते.