सगळी मोहरी खायची नाहीत

मागच्या आठवड्यात ऑनलाइन डावात माझ्याकडे दोन वजीर होते, समोर एकटा राजा. आणि मी स्टेलमेट करून बसलो. अर्धा पॉइंट! तेव्हा आजोबा आठवले.

आमचं गाव थळ, अलिबागजवळ. आजोबा पडवीत देशी नियमांनी खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. कॅसलिंग नाही, पण शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी. प्यादं पलीकडे पोचलं की सरसकट वजीर मिळत नसे. ते घर ज्या मोहऱ्याचं, ते मोहरं मिळायचं. आणि समोर नुसता राजा उरला तर 'बुर्जी', म्हणजे पूर्ण जिंकणं नाहीच. मी हावरटासारखं सगळं खाल्लं की ते हसून पट आवरायचे आणि मी रडायचो. नऊ वर्षांचा होतो, समजून घ्या. खरा मान प्यादेमातीला, म्हणजे शेवटचा शह प्याद्याने दिला तर.

म्हणजे बघा, मारामारी करतानाही मात कुठे करायची ते आधी ठरवावं लागे. पंजाबचा सुलतान खान याच नियमांत वाढला. विलायतेत गेल्यावर ओपनिंग त्याला कच्चं पडायचं, पण एंडगेममध्ये भलेभले गार व्हायचे. १९२९, १९३२ आणि १९३३, तीनदा तो ब्रिटिश विजेता झाला.

आजोबांचा दुसरा धडा समोर समुद्रातच होता: खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना तिथे पाठवून तटबंदी सुरू केली, ती थेट मुंबई बंदराच्या तोंडावर. इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला, तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांना काही बेट घेता आलं नाही. आजोबा म्हणायचे, घोडा पुढे नेऊन बसव, पण मागे प्याद्याचा जोर हवा, नाहीतर तो फुकट जातो. (माझे निम्मे घोडे असेच गेलेत.)

मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि तोफा चढवल्या. आजोबा इथे थांबून विचारायचे, "आता तुझी चाल काय रे?" मी दरवेळी उंदेरीवर हल्ला करायचो, आणि ते न बोलता माझा मागचा हत्ती उचलून न्यायचे.