एका कंठाचे अनेक स्वर

पतिपत्नींनीं मिळून गायनाचा व्यवसाय करावा, ही गोष्ट आपणांस अपरिचित नाहीं. परंतु अमेरिकेंतील लेस पॉल व मेरी फोर्ड या दांपत्यानें राहतें घर हीच आपली ध्वनिमुद्रणशाळा केली, म्हणून त्यांची कथा निराळी आहे.

लेस हा गिटारवादक व जातीचा यंत्रशोधक. १९४८ मध्यें मोटार-अपघातांत त्याच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. तेव्हां गिटार धरतां येईल अशा कोनांतच हात कायमचा बसवावा, असें त्यानें शस्त्रवैद्यांस सांगितलें. १९४९ च्या डिसेंबरांत त्याचा व मेरीचा विवाह झाला.

त्याच सुमारास गायक बिंग क्रॉस्बी यानें लेसला फितीवर ध्वनि मुद्रित करणारें यंत्र दिलें. पूर्वीचा ध्वनि पुसला जाण्याआधीं ऐकूं यावा, अशी जोड लेसनें त्यास दिली. मेरी प्रथम एक स्वर गाई. मग तोच ऐकत ती दुसरा गाई आणि दोन्ही एकत्र फितीवर उमटत. याप्रमाणें एकाच कंठाचा गायकवृंद होई. मात्र प्रत्येक फेरींत जुनें पुसलें जात असे. शेवटच्या फेरींत चूक झाली, तर पुन्हां पहिल्यापासून प्रारंभ! मेरीचें स्वरज्ञान व धीर नसता, तर ही सारी युक्ति व्यर्थ गेली असती.

१९५१ मध्यें ‘हाउ हाय द मून’ हें त्यांचें गीत ९ आठवडे, व १९५३ मध्यें ‘वाया कोन दिओस’ हें ११ आठवडे अमेरिकेंत अग्रस्थानीं होतें. घराच्याच पार्श्वभूमीवर त्यांचा दूरचित्रवाणी-कार्यक्रमही चाले. पण घर व कारखाना एकच झाला, म्हणजे विसांवा कोठें घ्यावा? १९६४ मध्यें त्यांचा घटस्फोट झाला.

मेरी १९७७ मध्यें वारली. लेस २००९ पर्यंत, वयाच्या ९४ व्या वर्षापर्यंत जगला. १९५२ पासून गिब्सन कंपनीच्या एका प्रसिद्ध गिटारीस त्याचें नांव आहे. २००५ मध्यें अमेरिकेच्या संशोधकांच्या सन्मानमालिकेंतही तें गेलें. तो मान यथार्थच होय. परंतु शोधकाचें नांव घेतांना, ज्या कंठानें तो शोध घरोघरीं पोंचविला, त्याचेंही स्मरण राहावें, एवढेंच माझें सांगणें आहे.