रेव्हरंड टिळकांचा ‘देवाचा दरबार’

लासूर स्टेशन हें गांव नांवाप्रमाणेंच आगगाडीचें अपत्य आहे. मूळ लासूर शिवना नदीच्या कांठचें व दाक्षायणी देवीचें. १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखांतून मनमाडहून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, लोहमार्ग आला, आणि स्टेशनाभोंवतीं ही व्यापारी वस्ती वाढली. गंगापूर-वैजापूरकडील या टापूंत ख्रिस्ती मंडळ्या आहेत. त्यांच्या उपासनेंत टाळ-मृदंगावर अभंगाच्या चालीनें भजनें कां म्हटलीं जातात, या प्रश्नाचा मागोवा घेतां गोदावरी ओलांडून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जावें लागतें. तो मागोवा आम्हीं येथें थोडक्यांत मांडीत आहों.

अमेरिकन मराठी मिशननें नगरास आपलें ठाणें १८३१ सालीं घातलें. औरंगाबादेकडे चर्च मिशनरी सोसायटीचें काम पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दीर्घकाळ चालविलें. शाळा, दवाखाने, अनाथगृहें यांचा मोठा उपकार या प्रांतावर झाला, हें कोणीहि नाकारणार नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळांत तर कित्येक अनाथ मुलें मिशनच्या आश्रयानेंच वांचलीं. परंतु याच उपकाराच्या पोटीं एक दोष वाढला. उपदेशकाचा पगार, मास्तराची नेमणूक व मुलांची फी हीं सर्व एकाच हातून येऊं लागलीं. मग प्रार्थना करणें हें पगारी उपदेशकाचें काम व ती ऐकणें हें आपलें काम, अशी समजूत कर्त्या पुरुषांतहि रुजली. धर्मांतरासाठीं जातगंगेचा रोष सोसणारा बाप शूर होता. पण त्याच धर्मांत जन्मलेला मुलगा बढती, बदली व साहेबी पोषाख यांच्या चिंतेंत गुंतूं लागला. या दुखण्याचें नांव उदासीनता.

हें दुखणें अगदीं नवें नव्हतें. गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ हस्तलिखितांच्या संग्राहकांस परिचित आहेच. त्याच्या आरंभींच नवख्रिस्ती मंडळींची एक मागणी नमूद आहे : जुनीं पुराणें आमच्या हातून गेलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं द्या. मन रिकामें राहिलें कीं तें प्रपंचाकडे किंवा मागें सोडलेल्याकडे धांव घेतें, हें स्टीफन्स यांनीं ओळखलें होतें. पुढें नगरच्या मंडळींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला. दोन्ही उपायांचें मर्म एकच : श्रोत्यास त्याच्या ओळखीच्या वाणींत जागें करणें. परंतु कीर्तनांतहि श्रोता श्रोताच राहातो. त्यास कर्ता करण्याचा यत्न नारायण वामन टिळक यांनीं केला.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं ख्रिस्ती धर्मग्रंथ ठेविला. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर वीसहून अधिक वर्षें ते अमेरिकन मिशनच्या सेवेंत होते. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन त्यांजकडे होतें. मराठी उपासनेच्या संग्रहांत त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आहेत. तुकोबांच्या वाणीनेंच आपणांस ख्रिस्ताकडे आणिलें असें ते मानीत. म्हणून अभंगास देवळाचें दार मोकळें करण्यांत त्यांस संकोच वाटला नाहीं.

परंतु पदें गाऊन मंडळी हालत नाहीं, हा अनुभव त्यांस आला असावा. ज्याचें अन्न त्याची आज्ञा, हा व्यवहार जोंवर धर्मांत आहे, तोंवर धर्म स्वतःचा होत नाहीं, अशा निष्कर्षास ते पोंचले. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या चाकरीचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्ति स्वीकारली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसहि जागा होती. पगार व परदेशी सत्ता यांवांचून, स्वयंप्रेरणेनें सेवा करणाऱ्या बंधूंचा मेळा जमावा, ही त्यांची कल्पना. समर्थांच्या वास्तव्यानें पावन झालेल्या जिल्ह्यांत एका ख्रिस्ती संन्याशानें दरबार भरवावा, हा योग विचार करण्याजोगा आहे.

या प्रयोगाचें मोल ठरवितांना दोन गोष्टी विसरतां येत नाहींत. एक, गोदेच्या दोहों तीरांवरील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार-मांगांच्या वस्त्यांतून आलेली. ज्यास गांवांत पाणवठा मोकळा नाहीं व कसावयास भूमि नाहीं, त्या मास्तरानें मिशनचा पगार टाकावा म्हणणें सोपें नव्हे. त्याच्या उदासीनतेंत आळसापेक्षां निरुपायाचा भाग मोठा होता. टिळकांजवळ विद्या व कवि म्हणून कीर्ति होती. त्यांचा त्याग खरा, पण तो सर्वांस सारखा साध्य नव्हता. दुसरी गोष्ट, संन्यास एकानें घ्यावा व संसार दुसऱ्यानें ओढावा, असें त्यांच्या घरीं झालें. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे, हें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत हंसत हंसत पण स्पष्ट सांगितलेलें आहे.

दरबारास आयुष्य फार लाभलें नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले, आणि राजा गेल्यावर दरबार मोडतो तसेंच येथेंहि झालें. तथापि बीज वांझ ठरलें असें आम्हांस वाटत नाहीं. टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढिला. साध्या भारतीय राहणीचें व बंधुवर्गाचें तेंच तत्त्व त्यांत दिसतें. आणि ‘ख्रिस्तायना’चें काय झालें तें पाहावें. टिळकांनीं हें काव्य १९०९ सालीं आरंभिलें, पण त्यांचे हातून दहा-अकरा अध्यायच झाले. पुढील चौसष्ट अध्याय, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनीं रचिले. त्या १९३६ सालीं वारल्या, व त्यांचे चिरंजीव देवदत्त यांच्या एका अध्यायासह ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. पुरुषांनीं जागें व्हावें म्हणून जो खटाटोप झाला, त्याचें मोठें काम एका स्त्रीच्या चिकाटीनें तडीस गेलें. जो अंगावर काम घेतो त्याची उदासीनता सरते, ही टिळकांची शिकवण याहून चांगली सिद्ध होणार नाहीं.

मराठी ख्रिस्ती मंडळींचा इतिहास आजवर बहुधा मिशनच्या अहवालांवरून लिहिला गेला. अहवालांत पगार घेणाऱ्यांचीं नांवें येतात; विनापगार रात्रीं भजन करणाऱ्या शेतमजुराचें येत नाहीं. त्याचा पुरावा असलाच तर भजनाच्या वह्यांत, मंडळीच्या वर्गणीच्या टांचणांत व जुन्या पत्रांत असणार. लासुरापासून नेवाशापर्यंत जुन्या कागदांसाठीं हिंडणाऱ्या आमच्या वाचकांनीं, जेथें बखर व सनद शोधावयाची, तेथेंच या वह्यांचीहि विचारपूस करावी. कोणीं किती पदें उतरून घेतलीं, कोणत्या पदांत आपल्या हातचा फेरफार केला, कोठें स्वतःचें एखादें कडवें घातलें, हें त्यांवरून समजेल. टिळकांचा दरबार साताऱ्यास उठला कीं खेडोपाडीं भरत राहिला, याचा निकाल त्या वह्याच देतील.